तोंडाची सलाईन

"चाक!" उपाध्ये सर भोंग्यातून ओरडले. "माणसाने लावलेला सर्वांत महत्त्वाचा शोध कोणता? चाक! चाक नसतं तर आज आपण कुठे असतो?"

इथेच असतो, हिंगणवाडीत, असं मी मनात म्हटलं. आमच्या व्हॅनची मागची दोन्ही चाकं आदल्या दिवशी बाभळीच्या काट्यांनी बसली होती. ड्रायव्हर ती काढून सकाळीच एका ट्रॅक्टरवरून तालुक्याला घेऊन गेला होता, आणि 'मानवाचे महान शोध' हे आमचं फिरतं प्रदर्शन शाळेच्या पटांगणात विटांच्या थप्प्यांवर उभं होतं. ते सरांच्या लक्षात आणून द्यावं असं मला फार वाटत होतं. पण सर बोलत असताना मध्ये बोललेलं त्यांना चालत नसे, आणि ते सतत बोलत असत.

ही गोष्ट चौऱ्याऐंशी सालच्या एप्रिलमधली. मी जीवरसायनशास्त्रात एम. एस्सी. झाले होते आणि विज्ञानप्रसार करणाऱ्या एका संस्थेत प्रात्यक्षिक सहायक म्हणून लागले होते. प्रत्यक्षात माझं काम म्हणजे काचा पुसणं, टेलिफोनच्या दोन टोकांना दोन पोरं उभी करणं आणि उपाध्ये सरांचा चहा. सर निवृत्त हेडमास्तर. एकेका शोधापुढे छडी धरून ते सन, देश आणि शास्त्रज्ञाचं नाव सांगत, आणि पोरांकडून तीनदा म्हणून घेत. चाक, छपाई, भिंग, वाफेचं इंजिन, विजेचा दिवा. साबण का नाही, असं मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

"परुळेकर बाई," सर म्हणाले होते, "साबण हा शोध नाही. साबण ही वस्तू आहे."

त्यानंतर मी काही सुचवलं नाही.

शेवटच्या काचेमागे 'वैद्यकातील क्रांती' होती. लाकडी स्टँडला सलाईनची काचेची बाटली उलटी टांगलेली, तिच्यातून निघालेली नळी, आणि नळीच्या टोकाची सुई प्लास्टरच्या एका गुलाबी हातात खुपसलेली. पाणी लांबून दिसावं म्हणून सरांनी त्यात लाल शाई घातली होती. सलाईन लाल नसते हे मी त्यांना दोनदा सांगून पाहिलं होतं.

पोरं "चाक, चाक, चाक" म्हणत असताना एक बाई रांग मोडून थेट व्हॅनमध्ये चढली. पन्नाशीची, काटक, गुडघ्यापर्यंत खोचलेलं हिरवं लुगडं. चाकाकडे, इंजिनाकडे तिने पाहिलंही नाही. ती शेवटच्या काचेपुढे जाऊन उभी राहिली आणि बोट टेकवून म्हणाली, "ही बाटली लावाय यायचं. चला."

"मावशी, ती दाखवायची बाटली आहे," मी म्हणाले.

"दावा की मग. माझ्या सुनंला दावा. काल रातीपास्नं वकतीया आन हगतीया. डोळं आत गेल्यात."

शेजारच्या दोन वाड्यांवर गॅस्ट्रोची साथ आहे हे आम्हाला सकाळीच शाळेच्या शिपायाने सांगितलं होतं. आरोग्य केंद्राचे डॉक्टर जीप घेऊन तिकडेच गेले होते. त्यांना आणायला एक जण सायकलवरून निघाला होता, तो परत आला नव्हता.

"मी येते," मी म्हणाले. "बाटली नको. तिला पाणी देताय ना?"

बाईने माझ्याकडे असं पाहिलं, की मी जणू विष देताय ना असं विचारलं होतं.

"पानी? खुळ्या हायसा का काय?"

तिचं नाव येसाबाई. घर गावाच्या कडेला, दगडमातीचं, एका खोलीचं, पुढे मेंढरांचा रिकामा वाडा. मुलगा मेंढरं घेऊन चाऱ्यामागे लांब गेलेला. आत घोंगडीवर सून पडली होती. कौसल्या. येसाबाई तिला कवशी म्हणत होती. वय विशीच्या आतबाहेर. मी तिच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती उभीच राहिली, घडी घातलेल्या कापडासारखी, आणि मग सावकाश खाली बसली. जीभ कोरडी. बोटांची टोकं सुरकुतलेली. सकाळपासून लघवी नाही.

"बाई," ती म्हणाली. आवाज असा, की मला वाकून ऐकावं लागलं. "पानी."

कोपऱ्यात गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला डेरा होता. त्याच्यावर पाटा पालथा घातला होता, आणि पाट्यावर येसाबाईने दळणाची पाटी ठेवली होती. म्हणजे मुद्दाम. मी पाटी उतरवायला गेले तर तिने माझं मनगट धरलं.

"पान्याला हात लावायचा न्हाई."

"मावशी, तिच्या अंगातलं पाणी संपत चाललंय. त्यानंच माणूस मरतं. जुलाबानं नाही, पाणी गेल्यानं मरतं."

"तेच म्हंतीया मी. वरनं वतलं की खालनं जातंय. आज पहाटंला तिनं चोरून तांब्याभर पिलं, आन भडाभडा वकली. दिसत न्हाई व्हय तुमास्नी? शिकलेल्या हायसा न्हवं?"

"म्हणूनच सांगतेय. जेवढं जाईल तेवढं भरून काढायचं."

"फुटक्या घागरीत पानी वतून घागर भरती व्हय?"

मला उत्तर येत होतं. एम. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला यावर आख्खा प्रश्न होता. जुलाबात आतड्याला नुसतं पाणी नीट घेता येत नाही, पण साखर आणि मीठ योग्य प्रमाणात एकत्र गेलं की आतडं ती दोन्ही जोडीने आत ओढून घेतं, आणि त्यांच्यामागून पाणी आत जातं. म्हणून थोडं मीठ, थोडी साखर आणि पाणी. घोट घोट. बस्स. मी ते सोप्या भाषेत सांगितलं. मग अजून सोप्या भाषेत सांगितलं. येसाबाईने सगळं ऐकून घेतलं.

"झालं?" ती म्हणाली. "आता बाटली आणा."

"मीठ-साखरेचं पाणी म्हणजे तेच काम करतं."

"मीठ-साखरंनं मान्सं वाचली असती तर दवाखानं कशाला काडलं असतं सरकारनं?"

दारात शेजारीण उभी होती, पारूबाई, कडेवर पोर घेऊन. ती म्हणाली, "बाई, लावा की हो बाटली. एवढी मोटारभर घेऊन आलाय. येक बाटली लावली तर काय व्हतंय?"

"ती खरी नाही!" माझा आवाज चढला. मी सहसा ओरडत नाही. "त्यात लाल शाई आहे. ती लावली तर ती मरेल."

"मग खरी बाटली सोडून खोटी कशापायी गावोगाव दावत फिरताय?" येसाबाई म्हणाली.



मी तांब्या घेतला, तिने काढून घेतला. मी पाटीला हात घातला, ती पाटीवर बसली. खरोखरच बसली, मांडी घालून, दळणाच्या पाटीवर. घोंगडीवरून कवशीचे डोळे तेवढे आमच्या हातांमागे फिरत होते. ती भांडतही नव्हती. सासूला काय म्हणायचं ते म्हणून झालं असावं.

मी तरातरा व्हॅनकडे परत आले. इतका राग मला आयुष्यात थोड्या वेळा आला असेल. डेऱ्यात पाणी आहे, दुकानात मीठ आहे, आमच्या चहाच्या डब्यात साखर आहे, मला प्रमाण पाठ आहे, आणि मधे एक बाई पाटीवर बसली आहे.

उपाध्ये सर टेलिफोनपाशी होते.

"सर, मला सलाईनची बाटली हवी. आणि फळीखाली ठेवलेला नळी-सुईचा नवा सेट, पाकीटबंद."

"कशाला?"

मी सांगितलं. सरांनी छडी काखेत धरली.

"परुळेकर बाई, आपण विज्ञानप्रसारक आहोत. वैद्य नव्हे."

"मी टोचणार नाही, सर. फक्त त्यातून मीठ-साखरेचं पाणी पाजणार आहे. बाटलीतून गेलं तर त्या बाईला चालेल."

"म्हणजे तुम्ही अंधश्रद्धेला खतपाणी घालणार."

"हो."

"आणि उद्या ती पोरगी गेली, तर? गाव म्हणेल, गाडीवाल्यांनी बाटली लावली आणि माणूस मारलं. व्हॅन तर हलणारही नाही. विटांवर उभी आहे."

हे खरं होतं. त्यांना भीती वाटत होती आणि ती वाजवी होती. मलाही वाटत होती.

"तिला काहीच नाही दिलं तर ती दिवस मावळेपर्यंत जाईल," मी म्हणाले. "मग गाव म्हणेल, गाडीत बाटली होती आणि दिली नाही."

सर गप्प झाले. मी त्यांना गप्प पाहिलं ते त्या दौऱ्यात पहिल्यांदाच.

"बाटलीला डेड स्टॉकचा नंबर आहे," शेवटी ते म्हणाले. "परत हवी. फुटता कामा नये. आणि ती शाई ओतून टाकू नका, बरणीत काढून ठेवा."

मी शाई बरणीत काढली. चहाच्या स्टोव्हवर पाणी उकळलं, बाटली आणि बूच त्यात उकळून काढलं, उरलेलं पाणी झाकून गार केलं. एका लिटरला चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. सपाट म्हणजे सपाट. सुरीच्या पात्याने मी चमचा सारखा केला. मीठ जास्त झालं तर अपाय होतो. सर शेजारी उभे राहून डब्यातली साखर किती खाली गेली ते बघत होते. सेटचं पाकीट फोडलं, सुई काढून पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकली. बुचात हवेसाठीची छोटी सुई बसवली. नळीतून पाणी थेंबथेंब उतरायला लागलं. अगदी खऱ्यासारखं दिसत होतं. खरं म्हणजे लाल शाईपेक्षा पुष्कळच खरं.

बाटली घेऊन मी वाटेने निघाले तर मागे पोरं, पोरांमागे बायका, आणि दोघेतिघे म्हातारे. येसाबाईच्या दारात पोचेपर्यंत बातमी पुढे गेली होती. ती पाटीवरून उठली होती. तिने माझ्या हातातून स्वतः बाटली घेतली, दोन्ही हातांनी, आणि आढ्याला पाळण्याची कडी होती तिला सुतळीने बांधली. गाठ दोनदा ओढून पाहिली.

"हात कुठला देऊ? डावा का उजवा?"

"हातात नाही टोचायचं. ही तोंडाची सलाईन आहे."

खोलीत कुजबुज झाली.

"तोंडाची?" पारूबाई म्हणाली. "माझ्या भावाला हातात लावली व्हती तालुक्याला."

"ती जुनी पद्धत. आता मुंबईत तोंडातूनच देतात."

"मुंबैत सगळ्या गोष्टी तोंडानंच चालत्यात," एक म्हातारा म्हणाला आणि बाहेर हशा पिकला.

येसाबाई हसली नाही. ती बाटलीकडे बघत होती. मग माझ्याकडे बघितलं. लाल शाई टोचली असती तरी चाललं असतं, पण तोंडातून म्हटलं की संशय.

"सुई न्हाई म्हंजी दुखायचं न्हाई तिला," येसाबाई म्हणाली. "बरं हाय. लावा."

मी नळीचं टोक कवशीच्या ओठांत धरलं. पहिले थेंब ओघळून गालावर गेले. मग तिने ओठ मिटले. मी कळ फिरवून थेंब कमी केले, कारण एकदम गेलं तर उलटी होणार. तरीही पहिल्या थोड्या वेळात झालीच.

"बघा!" येसाबाई ओरडली.

"उलटी होणारच. थोडं थांबायचं आणि पुन्हा द्यायचं. बाटलीतही असंच करतात."

"आसंच करत्यात?"

"असंच."

बाटलीतलं असल्यामुळे ती थांबली. तेच तांब्यातलं असतं तर तिने तांब्या वाड्यात भिरकावला असता. मला हसावं की रडावं कळेना. एकच पाणी, एकच माणूस, एकच खोली, आणि मधे एक काच.

बाटली अर्ध्या लिटरची. ती रिकामी झाली की मी 'औषध भरून आणते' म्हणून व्हॅनकडे जायची, उन्हातून, आणि स्टोव्हपाशी बसून चमचे सारखे करायची. परत यायची. दुपारभर हेच. दुसऱ्या खेपेला साखर संपत आली, तर सरांनी डबा मागे घेतला.

"माझा संध्याकाळचा चहा?"

"सर."

"बरं, बरं."

तिसऱ्या खेपेला ते स्वतःच माझ्याबरोबर आले. मला वाटलं, मदतीला. ते अंगणात उभे राहिले, छडी बाटलीच्या दिशेने रोखली आणि जमलेल्या बायाबापड्यांना सांगू लागले, "शिरेतून द्रव देण्याचा पहिला यशस्वी प्रयोग इसवी सन अठराशे बत्तीस, इंग्लंडमधल्या कॉलऱ्याच्या साथीत—"

"स्कॉटलंडमध्ये," मी आतून म्हणाले.

"स्कॉटलंडमध्ये. म्हणा, अठराशे बत्तीस!"

"अठराशे बत्तीस," पोरं म्हणाली.

"सर, दुकानातून साखर आणता का?"

ते गेले. आणि साखर घेऊन आले, हेही सांगायला हवं.

येसाबाई जागची हलली नाही. कवशीचं डोकं मांडीवर घेऊन ती बसली होती. उजव्या हाताने नळी धरायची आणि डाव्या हाताने माशा वारायची. मी एकदा म्हटलं, मी धरते, तुम्ही भाकर खा. ती म्हणाली, "तुमी खावा. तुमाला भूक दिसतीया, सारख्या चिडताय." पारूबाई खुदकन हसली. मला भूक लागलीच होती.

उन्हं कलली तेव्हा मी पुन्हा पोटाची कातडी चिमटीत धरली. सोडल्याबरोबर ती खाली बसली. मी पुन्हा करून पाहिलं. पुन्हा बसली. जीभ ओली होती. डोळे अजून खोल होते, पण त्यांच्यात आता माणूस होतं. एक गोष्ट अजून व्हायची होती, आणि ती झाल्याशिवाय मी खात्री धरत नव्हते.

"आत्ती," कवशी म्हणाली, "भाईर जायाचंय."

येसाबाईचा चेहरा पडला. तिने सुनेला उठवलं, एका बाजूने मी धरलं, आणि आम्ही तिला वाड्याच्या भिंतीमागे नेलं. मी वळून उभी राहिले. बराच वेळ गेला. मग येसाबाईचा आवाज आला, आख्ख्या आळीला ऐकू जाईल असा:

"मुतली! आगं पारे, मुतली! जुलाब न्हाई! चांगली चूळभर न्हाई, तांब्याभर मुतली!"

बाहेर कुणीतरी टाळी वाजवली. कवशी लाजून पदर तोंडावर ओढत होती, आणि तिच्या अंगात लाजण्याइतकी ताकद आली आहे हे पाहून मला जे वाटलं ते मला माझ्या पदवीच्या निकालालाही वाटलं नव्हतं.

ड्रायव्हर चाकं घेऊन आला. पटांगणातून जॅकचा आवाज येत होता. सकाळी पुढच्या गावी कार्यक्रम होता आणि सरांना आत्ताच निघायचं होतं. कवशी झोपली होती, खरी झोप, तोंड उघडं टाकून. मी कडीची सुतळी सोडायला हात वर केला तर येसाबाई आडवी आली.

"बाटली ठिवून जावा. रातीचं पुन्ना लागलं तर? पारूच्या पोराला बी दोनदा परसाकडं झालंय सकाळधरनं."

ही वेळ आली होती. दिवसभर मी याच वेळेची वाट बघत होते, असं म्हटलं तरी चालेल.

"मावशी, बाटली लागत नाही," मी म्हणाले. "तुम्हीच करू शकता. आत्ता दाखवते."

मी तिला चुलीपाशी बसवलं. उकळून गार केलेलं पाणी. एवढा तांब्या म्हणजे लिटर. साखर सहा चमचे, सपाट. मीठ अर्धा चमचा, त्याहून जास्त नाही. साखर नसेल तर गूळ. चव घेऊन बघायची. आसवांपेक्षा खारट लागलं तर टाकून द्यायचं. मी ढवळलं आणि वाटीत तिला दिलं. तिने जिभेवर घेतलं. मग बाटलीकडे पाहिलं. नळीच्या टोकाला एक थेंब लोंबत होता. तो तिने बोटावर घेऊन चाखला.

"येकच हाय," ती म्हणाली.

"एकच आहे."

"म्हंजी पानीच."

"पाणीच!" मी म्हणाले. माझ्या आवाजातला आनंद मला लपवता आला नाही. "सकाळपासून मी हेच सांगतेय. पाणी, मीठ आणि साखर. बाटलीत काही नाही, मावशी. तुमच्या डेऱ्यातलं पाणी देऊ दिलं असतंत तर दुपारीच उठून बसली असती."

मला वाटलं होतं ती भांडेल. फसवलंत म्हणेल. मी तयार होते, पुरावा घोंगडीवर झोपला होता.

ती वाटीत बघत राहिली.

"चुलीवर आसतंय समदं," ती म्हणाली. "मीठ तर आसतंयच."

"हो."

"भात्तरच्या दुष्काळात आमी खडीच्या कामावर व्हतो. तितं बी मीठ व्हतं. साखर न्हवती, गुळाचा खडा द्यायचा मुकादम. पानी टँकरचं." ती थांबली. "माझी सुंद्री व्हती बरोबर. सा वर्साची. तिला आसंच लागलं."

मी हातातला चमचा खाली ठेवला.

"समदी म्हनली, पानी देऊ नगंस, पानी दिलं की जाती. मी न्हाई दिलं. दिसभर पानी मागत व्हती. माझा पदर वला व्हता, घामानं, तर पदराचं टोक तोंडात घेऊन चोकत व्हती. मी पदर काडून घेतला." तिने वाटी खाली ठेवली. ती इतकी हळू ठेवली की आवाज झाला नाही. "पान्यानं जाईल म्हनून."

पटांगणातून सरांनी हाक मारली. "परुळेकर बाई! चाकं बसली!"

येसाबाईने मान वर केली. दिवसभर मी तिच्याशी भांडले होते, पण तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं नव्हतं असं मला तेव्हा कळलं.

"बाई," ती म्हणाली, "ह्यो शोद कवा लागला?"

मला सन पाठ होता. अडुसष्टमध्ये ढाक्याला पटकीच्या रोग्यांवर प्रयोग झाले होते. एकाहत्तरमध्ये बंगालच्या सीमेवर निर्वासितांच्या छावण्यांत डॉक्टरांनी सलाईन संपल्यावर पिंपं भरून हे पाणी केलं होतं आणि नातेवाइकांच्या हातांनी हजारोंना पाजलं होतं. एकाहत्तर. खडीच्या कामाच्या आदल्या वर्षी. त्या छावण्यांतून हिंगणवाडीला यायला त्याला तेरा वर्षं लागली होती, आणि तेही चाकं पंक्चर झाली म्हणून.

ती माझ्याकडे बघत होती. जबाब घ्यायला बसलेल्या माणसासारखी, आणि आपला जबाब देऊन बसलेल्या माणसासारखीही.

"यंदा," मी म्हणाले.

"यंदा?"

"यंदाच, मावशी. अजून पुस्तकातसुद्धा आलेला नाही. म्हणून तर गाडीत पाटी नाही त्याची."

चुलीतलं एक लाकूड तिने आत सारलं, पुन्हा बाहेर ओढलं.

"मंग आमच्या सुंद्रीला कुठनं मिळायचं व्हतं," ती म्हणाली.

"कुठून मिळणार."

तिने तोंडावरून पदर फिरवला, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले आणि उठली. सुतळी सोडून बाटली माझ्या हातात दिली. मग तांब्या उचलला, त्यात चमचा टाकला आणि दारात जाऊन पलीकडच्या घराकडे तोंड करून हाक मारली.

"पारे, ए पारे! पोराला घेऊन हिकडं ये, आन साखर आन येताना. तुला येक दावायचं हाय."

"काय गं आत्ती?"

"पानी करायला शिकिवते. त्या बाईनं दावलंय," येसाबाई म्हणाली. "नवं हाय. यंदाच निघालंय."